नाव नसलेलं बटण

कोळंबच्या खाडीत चाळीस वर्षं
मी डोळ्यांनी तिसऱ्या काढल्याच नाहीत.
गुडघाभर गढूळ पाण्यात कसले डोळे.
आधी पायाच्या अंगठ्याला कळायचं,
मग बोटं खाली जायची,
दगड, दगड, रिकामी शिंपी, दगड,
आणि मग ती,
मिटलेली, जड, जिवंत.

हे भार्गवीला सांगितलं नव्हतं
तेव्हाची गोष्ट.

साखरेनं डोळे नेले ते एकदम नाही.
आधी सुईचं भोक गेलं, मग नोटेवरचा आकडा,
मग पुलावरून येणाऱ्या माणसाचं तोंड.
मुलानं रत्नागिरीहून फोन पाठवला.
गुळगुळीत. नुसती काच.
जुन्या फोनच्या पाचावर निदान एक दाणा होता.

भार्गवी तोरसकर जन्मापासून आंधळी,
मालवणात बँकेत आहे.
रविवारच्या एसटीनं येते, काठी दाराशी टेकवते
आणि चहाच्या आधी माझं बोट मागून घेते.
"टोचू नको गो काकी, काटो काढतंस काय?
फकत टेकव. आता उजवीकडे झटक."
झटकलं. "फोन," म्हणाली आतली बाई.
झटकलं. "संदेश. तीन न वाचलेले."
झटकलं. "कॅमेरा."
ह्या बाईला दम लागत नाही,
मालवणी कळत नाही,
आणि खवणेकर आडनावाचं ती जे करते
ते माझ्या सासऱ्यांनी ऐकलं असतं तर!

दोन टिचक्या मारल्या की हो, हेच.
दोन बोटं एकदम टेकवली की ती गप्प;
हे मी पहिल्याच दिवशी पाठ केलं.
मागे फिरायचं तर बोट खाली न्यायचं
आणि न उचलता डावीकडे वळवायचं,
कोयत्याच्या वाकासारखं, एका दमात.
ते येईना.
माझा कोयता दर वेळी मधेच मोडायचा,
आणि भलतंच काहीतरी उघडायचं.
मंगळवारी पहाटे पाचला
बर्फवाल्या जमीलला तीनदा फोन लागला.
"काकी, बरफ व्हयो काय?"
"नको रे. शिकतंय."

बॅटरी वाचते म्हणून भार्गवीनं पडदा काळा करून दिला.
शेजारच्या मथुरेनं खिडकीतून बघितलं:
मी मेलेल्या फोनवर बोट घासत बसलेली,
स्वतःशी हसत.
तिनं लगेच माझ्या सुनेला कळवलं.

तिसऱ्या रविवारी भार्गवी म्हणाली, आज झटकू नको.
बोट उचलूच नको. काचेवरून फिरव,
जे लागेल ते ती सांगेल.
फिरवलं.
घड्याळ. रिकामं. रिकामं. हवामान. रिकामं.
आणि माझा हात एकदम शहाणा झाला.
अगो बाय, म्हटलं, हे तर मला येतं!
मग तिला सगळं सांगितलं, अंगठा, चिखल, दगड, दगड.
ती जरा वेळ गप्प.
"मगे ह्या आधी सांगूचा नाय?"

पुतण्यानं भरती-ओहोटीचं काहीतरी घालून दिलंय त्यात.
त्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात,
बाई दर वेळी अडते: "नाव नसलेलं बटण."
कुणीतरी डोळसानं तिथे चित्र काढलं असणार
आणि लिहायचं विसरला.
टिचक्या मारल्या.
"सतरा वाजून बावीस मिनिटं. शून्य पूर्णांक चार मीटर."
एवढं तर मला दारातून कळलं होतं,
उघड्या पडत्या चिखलाच्या वासावरून.

"नाव आपणच घालूचा," भार्गवी म्हणाली, "बोल, काय घालू?"
मुलाचं नाव ठेवताना सुद्धा
मला कुणी विचारलं नव्हतं.

सुकती, म्हटलं.

आता बोट तिथे गेलं की बाई म्हणते, सुकती.
जरा नाकात म्हणते,
पण म्हणते.
कोयता अजून मोडतो.
रविवारी बघू.